मोबाईलवर भूकंपाचा अलर्ट कसा येतो? आणि हातात किती वेळ मिळतो?

रात्री झोपताना तुम्ही मोबाईलचा डेटा बंद करता का? आपल्यापैकी बरेच जण करतात. आता या दोन वेळा बघा. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. किल्लारीचा झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. दोन्ही वेळा लोक गाढ झोपेत होते.

आज अँड्रॉइड फोन अशा वेळी जागं करू शकतो. सप्टेंबर २०२३ पासून ही सोय भारतातही आहे.

फोनला कसं कळतं?

गेम खेळताना फोन तिरका केला की गाडी वळते, ती अ‍ॅक्सेलेरोमीटर या सेन्सरमुळे. चार्जिंगला लावून ठेवलेल्या फोनमधला हाच सेन्सर जमिनीची थरथरही टिपतो. एकाच भागातल्या अनेक फोननी एकदम तसा सिग्नल पाठवला की गुगलचा सर्व्हर ओळखतो, हा भूकंप आहे.

भूकंपात आधी पी लहरी येतात, सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने. जास्त नुकसान करणाऱ्या एस लहरी मागून येतात, साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने. इंटरनेट या दोघींपेक्षा कितीतरी वेगवान. म्हणून अलर्ट आधी पोहोचू शकतो.

नेसरीत किती वेळ मिळेल?

कोयना धरणापासून नेसरी सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर. एस लहरींना इथे यायला अंदाजे ४५ सेकंद लागतील. भूकंप ओळखण्यात काही सेकंद गेले तरी अर्धा मिनिट हाताशी राहू शकतो. कराडला मात्र मोजकेच सेकंद मिळतील आणि कोयनेच्या अगदी जवळच्या गावांना बहुतेक काहीच नाही. म्हणजे जिथे हादरा मोठा, तिथेच वेळ कमी. त्यामुळे काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं.

अलर्टचे दोन प्रकार

भूकंप ४.५ किंवा त्याहून मोठा असेल तरच अलर्ट येतो. हलका हादरा बसणार असेल तर साधं नोटिफिकेशन येतं. फोन सायलेंट असेल तर आवाज होत नाही. जोराचा हादरा बसणार असेल तर 'डू नॉट डिस्टर्ब' चालू असलं तरी स्क्रीन उजळते आणि मोठा आवाज होतो.

आत्ताच हे करा

१. सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' उघडून 'अर्थक्वेक अलर्ट्स' चालू करा. तिथे नसेल तर 'लोकेशन'मध्ये शोधा.
२. लोकेशन चालू ठेवा. रात्री डेटा किंवा वायफाय बंद करू नका.
३. अलर्ट आला की स्क्रीनशॉट काढत बसू नका. भक्कम टेबलाखाली बसा, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. कपाट, काच आणि भिंतीवरच्या जड वस्तूंपासून लांब राहा.
४. अलर्ट न येताच जमीन हलली, तरी हेच करा. ही यंत्रणा प्रत्येक वेळी चालेलच असं नाही.

शेवटची गोष्ट. थंडीच्या लाटेचा किंवा मुसळधार पावसाचा इशारा हवामान विभाग आधीच देऊ शकतो. असे सरकारी इशारे 'सचेत' अ‍ॅपवर मिळतात. भूकंपाचं तसं नाही. तो सुरू झाल्यावरच अलर्ट निघतो. म्हणून "उद्या रात्री मोठा भूकंप येणार" असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला, तर तो पुढे पाठवू नका, डिलीट करा.