मैदानात बुडालेली कोठारे

नववीच्या वर्गात पृथ्वीचा गोल आकार शिकवताना मी वीस-बावीस वर्षे एकच उदाहरण देत आलो. दुरून येणाऱ्या जहाजाचे आधी डोलकाठीचे टोक दिसते, मग शीड आणि सगळ्यात शेवटी बूड. एकदा एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही बघितलंय का हे?" मी बघितले नव्हते. बीड जिल्ह्यातल्या त्या वर्गात समुद्र पाहिलेली मुले दोन-तीनच असतील. मी "हो" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटे पुढे बरेच दिवस टोचत राहिले.

ही गोष्ट अखेर दिसली ती समुद्रावर नव्हे, तर समुद्रापासून हजारो किलोमीटर आत, कॅनडातल्या आगगाडीत. निवृत्तीनंतर मुलीकडे टोरांटोला गेलो होतो. तिथून व्हँकुव्हरला 'द कॅनेडियन' नावाची गाडी जाते. अंतर ४,४६६ किलोमीटर आणि प्रवास चार रात्रींचा. पहिले दोन दिवस नुसते जंगल, खडक आणि तळी. दुसऱ्या रात्री विनिपेग मागे पडते आणि तिसऱ्या दिवशी पहाटे डोळे उघडावेत तर झाडे संपलेली असतात. सस्कॅचेवान प्रांतातला हा प्रेअरीचा, म्हणजे गवताळ मैदानाचा प्रदेश. आता तिथे गव्हाची आणि पिवळ्याधमक कनोलाची शेते आहेत. कनोला हा आपल्या मोहरीचा भाऊबंद. मूळचे गवत फारच थोडे उरले आहे. ते गवत खाऊन जगणारे बायसन १८८०च्या दशकात जवळजवळ संपवले गेले, आणि माळावर पडलेली त्यांची हाडे खतासाठी वाघिणी भरभरून रवाना झाली. या मैदानाला 'रिकामे' म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की ते आधी रिकामे करण्यात आले.

हे मैदान इतके सपाट कसे झाले? शेवटच्या हिमयुगात या सगळ्या प्रदेशावर बर्फाचा जाड थर होता. तो वितळू लागला तेव्हा बर्फाच्या कडेला पाणी तुंबून प्रचंड सरोवरे तयार झाली. त्यांतले विनिपेगच्या परिसरातले सर्वांत मोठे. लुई अगासिझ या शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला अगासिझ सरोवर म्हणतात. अमेरिकेतली आजची पाच महासरोवरे एकत्र केली तरी त्याच्याएवढी भरणार नाहीत. त्याच्या तळाशी बारीक गाळ थरावर थर बसत गेला. पाणी ओसरल्यावर उरला तो गाळाचा पाट. विनिपेगच्या पश्चिमेला जमीन इतकी पाटासारखी नाही. तिथे हलके चढउतार आहेत आणि ते आपल्याला फसवू शकतात. त्याविषयी पुढे सांगतो.

या मैदानात उंच असे एकच असते : धान्याचे कोठार. तिथे त्याला एलेव्हेटर म्हणतात. लाकडी, चौकोनी, सरळसोट उभी इमारत, साधारण २० ते २५ मीटर उंच. आपल्या विहिरीवरचा रहाट आठवा. तशीच माळ आत असते, फक्त गाडग्यांऐवजी छोट्या बादल्या आणि पाण्याऐवजी गहू. शेतकरी गाडीतला गहू खालच्या खड्ड्यात ओततो, बादल्या तो माथ्यापर्यंत चढवतात, आणि तिथून तो निरनिराळ्या कप्प्यांत पडतो. पुढे वाघीण भरायला वेगळी शक्ती लागत नाही. तोंड उघडले की गहू आपल्या वजनाने खाली येतो. एकदा उचलण्याचे कष्ट घेतले की पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते.

ही कोठारे रुळांच्या कडेने दर १०-१५ किलोमीटरवर होती. कारण साधे आहे. घोडागाडीत धान्य भरून स्टेशनावर जायचे आणि त्याच दिवशी घरी परतायचे, तर अंतर यापेक्षा जास्त असून चालत नसे. म्हणून रेल्वे कंपनीने आधी स्टेशने आखली आणि मग तिथे गावे वसली. इतक्या गावांना नावे तरी कुठून आणायची? ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने ती चक्क इंग्रजी वर्णमालेप्रमाणे दिली. आमची गाडी याच मार्गाने चालली होती : फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जॅस्मिन, केलिहर, लेस्टॉक... आणि पुढे वॉट्रस, झीना, यंग, झेल्मा. यातली काही गावे आता नावापुरतीच आहेत. हे कळल्यावर मी नकाशा मांडीवर घेऊन लहान मुलासारखा अक्षरे मोजत बसलो.

आता मूळ मुद्दा. या गाडीला काचेचे छत असलेला, वर जिना चढून बसायचा डबा असतो. तिथे बसल्यावर आपले डोळे आजूबाजूच्या जमिनीपासून सुमारे ५ मीटर उंच येतात. क्षितिज तिथून किती दूर असेल? डोळ्यापासून क्षितिजापर्यंतची रेषा ही पृथ्वीच्या वर्तुळाची स्पर्शिका. स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या तिला लंब असते. म्हणजे पायथागोरसचा काटकोन त्रिकोण मिळाला. दहावीची मुले हे पटकन करतात. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, की उत्तर असे येते : डोळ्याच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ घ्या आणि त्याला ३.५७ने गुणा. गुणाकार येईल तितके किलोमीटर क्षितिज दूर. जमिनीवर उभ्या माणसाचे क्षितिज अवघे साडेचार किलोमीटरवर असते, तर वरच्या डब्यातून ते ८ किलोमीटरवर जाते.

२५ मीटर उंच कोठाराच्या माथ्याचे स्वतःचे क्षितिज येते सुमारे १८ किलोमीटर. ८ आणि १८ मिळून २६. म्हणजे माथा २६ किलोमीटरवरून दिसू लागायला हवा, आणि ताशी १०० किलोमीटर वेगाने गेलो तर तिथे पोचायला आणखी पंधरा मिनिटे लागतील. कोठार १६ किलोमीटरवर असेल तर त्याचा खालचा ५ मीटर भाग पृथ्वीच्या फुगवट्याआड असेल.

गणित झाले, पण डोळ्यांना काय दिसते? आधी काहीच नाही, मग एक ठिपका. २६ किलोमीटरवरून माथा नुसत्या डोळ्यांना दिसतो असे मी म्हणणार नाही. शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने आपली दुर्बीण दिली तेव्हा काम झाले. आणखी एका गोष्टीने मदत केली, ती म्हणजे गाडीचा उशीर. हे रूळ मालगाड्यांच्या कंपनीचे आहेत. तीन-तीन किलोमीटर लांबीची मालगाडी समोरून आली, की ती साइडिंगमध्ये मावत नाही. मग बाजूला व्हायचे ते प्रवासी गाडीने. आपल्याकडे मालगाडी थांबते आणि एक्स्प्रेस जाते, तिथे उलट. आम्ही अर्धा तास उभे होतो. दूर एक कोठार दिसत होते, आणि दुर्बिणीतून त्याच्या बुडाशी गावातल्या छपरांची काळपट रेघ. दुर्बीण घेऊन जिना उतरलो आणि खालच्या डब्यातून त्याच बाजूला पाहिले. डोळे दोनेक मीटर खाली आले होते. कोठार होते, छपरांची रेघ नव्हती. पुन्हा वर गेलो, रेघ परत आली. असे चार वेळा केले. शेतकरी हसत होता.

यावर शंका घ्यायलाच हवी. मधला एखादा चढ किंवा झुडपांची ओळही असेच करील. तापलेल्या जमिनीवरचे मृगजळही वस्तूचे बूड गिळते, आणि थंड हवेतल्या अपवर्तनाने उलट थोडे जास्त लांबचे दिसते. एका कोठारावरून काही सिद्ध होत नाही. त्या दिवशी सहा कोठारे पाहिली. दोन चढाआड होती, ती सोडून दिली. उरलेल्या चारही कोठारांचा माथा आधी दिसला.

पुढच्या प्रवाशांना हे कठीण जाईल. १९३०च्या दशकात कॅनडाच्या प्रेअरीत साडेपाच हजारांहून जास्त कोठारे होती. आता काही शेच उरली आहेत. ट्रक आल्यावर धान्य लांबच्या मोठ्या काँक्रीटच्या कोठारांत जाऊ लागले, आणि लाकडी कोठारे पाडली गेली.

त्या मुलीला द्यायचे उत्तर मात्र जवळच होते. जायकवाडीसारख्या मोठ्या जलाशयाच्या काठी सकाळी, वारा पडलेला असताना, पाण्याजवळ असे बसा की डोळे पाण्यापासून अर्धा मीटर उंचीवर येतील. क्षितिज अडीच किलोमीटरवर येते. सहा किलोमीटरवरच्या होडीचा खालचा एक मीटर भाग दिसायला नको. दुर्बिणीतून पाहा, मग उभे राहून पुन्हा पाहा. पाण्याला चढउतार नसतात, त्यामुळे माझी निम्मी अडचण तुम्हाला येणार नाही. काठाच्या फार जवळ जाताना मुलांचे हात मात्र धरून ठेवा.