रिपोर्ट नॉर्मल, तरी पोटात कळ

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, या विकारात पोट वारंवार दुखते आणि शौचाचे वेळापत्रक बिघडते. सोनोग्राफी, रक्त, दुर्बीण, सगळे रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात. मग ‘हे मनाचे खेळ आहेत’ असे रुग्णाला ऐकवले जाते. हे शास्त्राला धरून नाही. दुखणे खरेच असते.

१९७३ साली संशोधक रिची यांनी रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. ६० मिलीलीटरला निम्म्याहून अधिक रुग्णांना कळ आली. आयबीएस नसलेल्यांपैकी जेमतेम ६ टक्क्यांना. ताण तेवढाच, दुखण्याची पातळी वेगळी. ही अतिसंवेदनशीलता सगळ्याच रुग्णांत आढळत नाही, पण पुष्कळांत आढळते.

ती येते कुठून? एक वाट जंतुसंसर्गाची. पावसाळ्यात दूषित पाण्याने जोराचे जुलाब झाले, की जंतू जातात. पण साधारण दहातल्या एकाच्या मागे आयबीएस लागतो. अशांच्या आतड्याच्या अस्तरातल्या मास्ट या प्रतिकारपेशी हिस्टामिन सोडत राहतात आणि शेजारच्या चेतातंतूंना हळवे करतात. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाने २०२१ मध्ये १२ रुग्णांच्या गुदाशयाच्या अस्तरात गहू, दूध, सोया यांचे अंश टोचले. बाराही जणांत तिथल्या तिथे प्रतिक्रिया उमटली. आठ निरोगी व्यक्तींपैकी फक्त दोघांत. मेंदूचाही यात वाटा आहे: ताणतणावात आतड्याकडून येणारे संदेश त्याला अधिक तीव्र जाणवतात.

वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या कालवणात कांदा-लसूण मसाला पडतोच. कांदा, लसूण आणि गहू यांतली फ्रुक्टॅन ही शर्करा लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिचा वायू करतात. एमआरआय तपासण्यांत हा वायू रुग्णांत आणि निरोगी माणसांत सारखाच दिसला. त्रास मात्र रुग्णांनाच झाला. म्हणून काही आठवडे हे पदार्थ कमी करून, मग एकेक परत सुरू करून पाहतात. भात आणि ज्वारीची भाकरी सहसा सोसते. कायमचे पथ्य नको. त्याने आहार उगाच तोकडा होतो.

औषधांत अमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत देतात. एरवी नैराश्यावरचे हे औषध इथे चेतातंतूंचा हळवेपणा उतरवते. ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १० ते ३० मिलिग्रॅमने गुण आला. शौचातून रक्त, घटणारे वजन, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे दुखणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास असेल, तर आधी दुसरे आजार तपासावे लागतात.