पोलादी चौकट, कागदी कोनाडा

राजा रविवर्म्यांचा छापखाना एके काळी घाटकोपरला होता. १८९४ मध्ये सुरू झालेला हा शिळाछापाचा कारखाना १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. त्या दगडांवरून एकेक रंग चढत जाई आणि लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं एकासारखी एक बाहेर पडत. घराघरांत पोचल्यावर मात्र ती एकसारखी राहत नसत. कुणी सरस्वतीच्या साडीला खरी जर चिकटवी, कुणी छापील दागिन्यांवर मणी आणि टिकल्या बसवी, कुणी कापड कातरून देवीला खराखुरा पदर देई, आणि मग ते चित्र काचेच्या चौकटीत जाई. अशी नटवलेली चित्रं संग्राहक आज जिवापाड जपतात.

यंत्रानं सारखं केलेलं हातानं वेगळं करायचं, ही त्या घराघरांतल्या बायकांची कला. घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत हातानं भेटकार्डं करणारी मंडळी आज तेच करतात. त्यांच्याकडची चौकट कागदाची असते, आणि ती कापणाऱ्या पोलादी पात्याला ‘डाय’ म्हणतात.

घरगुती डाय पहिल्यांदा हातात घेतली की विश्वास बसत नाही. जेमतेम पोस्टकार्डाएवढी, नाण्यापेक्षाही पातळ अशी धातूची कड. तिच्या एका बाजूला बोटाला नीट जाणवणारही नाही इतकी बारीक उंच धार असते. ही धार घासून काढलेली नसते. धातूच्या पत्र्यावर नक्षीपुरतं संरक्षक आवरण चढवतात आणि उघडा राहिलेला भाग रसायनानं खाऊ देतात. झाकलेला भाग उंच राहतो, तीच धार. म्हणूनच जाईच्या पाकळीएवढी नक्षीही त्यात उतरते.

कापण्याचं काम दाबाचं आहे. खाली आधाराची जाड पाटी, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकची पाटी, मग कार्डपेपर, त्यावर धार खाली करून डाय आणि वर दुसरी पारदर्शक पाटी. ही चळत दोन रुळांच्या मधून हँडल फिरवत न्यायची. रूळ फक्त एका अरुंद पट्ट्यावर दाब देतात, त्यामुळे हाताचा बेताचा जोर त्या एका रेषेवर एकवटतो आणि धार कागदातून आरपार जाते. पाटीवर चरे उमटतात, ते साहजिकच आहे. पाटी दर वेळी उलटी करत राहिलं तर ती वाकत नाही आणि बरेच दिवस पुरते.

या तंत्राचं मूळ चामड्याच्या कामात आहे. एकोणिसाव्या शतकात बुटांचे तळवे सारख्या मापात कापायला साचे वापरू लागले. कागदाच्या धंद्यात ते आलं एका चुकीतून. १८७९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात बियाण्याच्या पिशव्या छापताना घडी पाडणारी धातूची पट्टी जागची सरकली आणि तिनं पिशव्या कापूनच टाकल्या. माल वाया गेला, पण गेअर यांच्या लक्षात आलं की कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात होऊ शकतं. घडीची पुठ्ठ्याची खोकी त्यातून स्वस्त झाली.

अंधेरी-साकीनाक्याच्या औद्योगिक गाळ्यांत हा धंदा ‘पंचिंग’ या नावानं चालतो. तिथली डाय म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड. त्यात कापलेल्या फटींत पोलादी पट्टी वाकवून ठोकलेली असते. पट्टीची उंची साधारण २३.८ मिलिमीटर, जाडी पाऊण मिलिमीटरच्या आत. घडीची पट्टी थोडी बुटकी आणि बोथट, म्हणजे ती कापत नाही, नुसती दाबते. धारेच्या दोन्ही बाजूंना रबराचे तुकडे चिकटवतात, कारण कापलेला कागद धारेत अडकून बसू नये. ऑफसेट आल्यावर छपाईतून निवृत्त झालेली कितीतरी ट्रेडल आणि हायडलबर्ग यंत्रं या पंचिंगवर पुढे वर्षानुवर्षं चालत राहिली. लग्नपत्रिकेची महिरपीसारखी कापलेली कड बघितली, की मला ती यंत्रं आठवतात. लेसर आता त्याहून नाजूक जाळी कापतो, पण कागद जाळून कापत असल्यानं कडेला पुष्कळदा तपकिरी झाक राहते. पोलादाची कड पांढरीशुभ्र येते.

आता घरच्या टेबलाकडे येऊ. चौकटीच्या डाय बहुधा संचात मिळतात, एकात एक बसणाऱ्या, डब्यात डबा असावा तशा. एकटी डाय नुसता आयत किंवा लंबगोल कापते. कोणत्याही दोन डाय एकात एक ठेवून, सरकू नयेत म्हणून कागदी चिकटपट्टीनं धरून एकदम रुळांतून काढल्या, की मधली चौकट सुटी होते. आठ डायच्या संचातून अशा जोड्या २८ होतात. अरुंद काठापासून जाड पट्ट्यापर्यंत २८ चौकटी एकाच डबीत. तरीही नव्या माणसानं आठ घ्याव्यात असं मला वाटत नाही. दोन घ्याव्यात आणि त्या पिळून काढाव्यात.

पिळून काढणं म्हणजे काय, तर पहिली युक्ती अर्धवट कापण्याची. डायचा काही भाग पारदर्शक पाटीच्या बाहेर ठेवला तर तिथे दाब पोचत नाही आणि तेवढा कागद अखंड राहतो. सरळ बाजूंची चौकट अशी अर्धी कापायची, डाय त्याच रेषेत खाली सरकवायची आणि उरलेली अर्धी कापायची. दहा सेंटिमीटरच्या डायमधून चौदा सेंटिमीटरची चौकट निघते. गोलावर हे जमत नाही, कारण सरकवायला सरळ रेषाच नसते. दुसरी युक्ती घडीची. कार्ड आधी दुमडायचं आणि डायची एक बाजू घडीच्या किंचित बाहेर काढून कापायचं. घडी शाबूत राहते आणि अख्खं कार्डच महिरपीच्या किंवा लंबगोलाच्या आकाराचं होऊन उघडतं.

तिसरा प्रकार माझ्या सर्वांत आवडीचा, कोनाड्याचा. एकाहून एक लहान चार चौकटी कापायच्या आणि मोठी पुढे, लहान मागे अशा फोमच्या चिकटपट्टीवर बसवायच्या. पट्टी दोन मिलिमीटरची असली तर मधल्या तीन थरांतून सहा मिलिमीटरची खोली मिळते, शिवाय कागदाची जाडी. मागच्या भिंतीला गडद रंग दिला तर जुन्या घरातल्या देवळीत डोकावल्यासारखं वाटतं. आत समई ठेवा, बाळकृष्ण ठेवा, बारशाचं कार्ड असेल तर पाळणा टांगा. अशी कार्डं साध्या लिफाफ्यात चेपतात. ती हातोहात द्यावीत, नाहीतर पुठ्ठ्याच्या उथळ खोक्यातून पाठवावीत.

संक्रांतीचं कार्ड मात्र या माध्यमाला खास फळतं. तिळगूळ आणि शुभेच्छापत्र पाठवण्याची आपली रीत जुनी आहे. काळा कार्डपेपर घ्यावा, कारण या एका सणाला काळं वस्त्र आवर्जून नेसतात. त्यावर पांढरी चौकट. चौकटीच्या मागून पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा लावायचा आणि चारही बाजूंनी फोमची पट्टी एकही फट न ठेवता फिरवायची. या बंद खिडकीत बारीक पांढरे मणी सोडायचे. कार्ड हलवलं की हलव्याचे दाणे खुळखुळल्यासारखे ते धावतात. खरा हलवा भरायचा मोह होतो, पण साखर आपल्या दमट हवेत चिकटते आणि मुंग्यांना बोलावते, म्हणून मणीच बरे. मणी भरण्याआधी पट्टीच्या उघड्या चिकट कडांवर टाल्कम पावडर फिरवायला विसरू नये, नाहीतर अर्धे मणी कडेलाच बसून राहतात.

जडावाचं कामही डाय अचूक करते. तीच चौकट जांभळ्या, हिरव्या आणि सोनेरी कागदातून कापायची आणि तुकड्यांची अदलाबदल करायची. धार एकच असल्यानं जांभळ्या चौकटीतल्या पोकळीत हिरवा तुकडा केसाइतकीही फट न ठेवता बसतो. मागून एक कागद चिकटवला की पैठणीच्या काठासारखा सपाट रंगमेळ तयार. ज्या डायला कडेनं टाक्यांची भोकं असतात, तिच्या चौकटीत खरा दोरा ओवून उलटी टीप घालता येते. आणि कापून उरलेला छेदलेला कागद म्हणजे रांगोळीचा आयता छापच. तो कोऱ्या कार्डावर धरून स्पंजनं शाई टिपली, तर न कापताही चौकट उमटते. उरलेलं काही फेकायचं नाही, हे या कामात काटकसरीपेक्षा कल्पकतेचं सूत्र आहे.

मुंबईत या कामाला एक शत्रू आहे, पावसाळा. जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी पितो, मऊ पडतो आणि धारेखाली तुटण्याऐवजी दबतो. कडेला तंतूंची लव निघते, नक्षीचे बारीक तुकडे डायमध्ये रुतून बसतात. अशा वेळी कार्डपेपर घट्ट बंद पिशवीत ठेवावा, वापरण्यापूर्वी दोन कोऱ्या कागदांमध्ये धरून कोमट इस्त्री फिरवावी आणि डाय व कागद यांच्यामध्ये मेणकागदाचा तुकडा ठेवून कापावं. नक्षी अलगद सुटते. डायलाही गंज चढतो. चुंबकाच्या पातळ शीटवर लावून, कोरड्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ती ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. शंभर-सव्वाशे जीएसएमचा कागद चौकटीला फार लेचापेचा पडतो. २२० ते ३०० चांगला. ए-४ कागद मधोमध आडवा कापून अर्धा दुमडला की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं, आणि बाजारातल्या बऱ्याच चौकटी त्याच्या आत सुखानं बसतात.

हातकागदाची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात हा कागद म्हटला की पुण्याची १९४० साली उभी राहिलेली हातकागद संस्था आठवते. भारतीय संविधानाची हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी पुण्यात बनलेल्या हातकागदावरच सुलेखनात उतरवली. नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांनी संविधानाची पानं नक्षीच्या चौकटींनी सजवली, त्याही हातानं रेखून. या कागदाचे तंतू लांब असतात. डाय एका फेरीत त्यांना पुरती तोडत नाही, दोन-तीन फेऱ्या लागतात आणि कड थोडी केसाळ राहते. मला ती कड सुंदर वाटते. गुळगुळीत चौकटीच्या मागे ती ठेवली की कार्डाला वजन येतं.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. आपल्या बहुतेकांच्या घरी लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. प्रत्येकीवर गणपती असतो, म्हणून ती रद्दीत टाकवत नाही, आणि ठेवायला जागा नसते. त्या पत्रिकांचा कागद बाजारातल्या चांगल्या कार्डपेपरच्या तोडीचा असतो. जाड, कधी मोतिया झाक असलेला, कधी सोनेरी उठाव असलेला. गणपतीच्या भोवती लंबगोल डाय ठेवा आणि कापा. तो नव्या कार्डाच्या कोनाड्यात बसतो, मुंजीच्या आमंत्रणावर, डोहाळजेवणाच्या पाकिटावर, पुस्तकातल्या खुणेवर. पत्रिकेच्या कोऱ्या मागच्या बाजूतून त्याचीच चौकट निघते. डाय नसेल तर वाटी उपडी ठेवून पेन्सिलीनं गोल आखा आणि कात्रीनं कापा. पण घरातला तो गठ्ठा आज खाली काढा, आणि येत्या संक्रांतीला त्यातला निदान एक गणपती नव्या चौकटीत बसवून कुणाच्या तरी हातात द्या.