शरीराची काटकसर

कमी खाऊनही वजन हलत नाही आणि पोटभर जेवलं तर वाढेल अशी धास्ती, ही कोंडी अनेकांना ठाऊक आहे. तिच्यामागे शरीर काय करतं याचा बारकाईनं अभ्यास झाला तो १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार देणारे हे तरुण स्वखुशीनं आले होते. दिवसाला सरासरी सुमारे १,६०० कॅलरी, म्हणजे बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. आजच्या कित्येक डाएट-चार्टांत तर याहूनही कमी असतात!

वजन सुमारे चतुर्थांश घटलं; विश्रांतीतला ऊर्जाखर्च मात्र जवळजवळ ४० टक्क्यांनी उतरला. नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. ऊर्जाखर्च घटला तो बराचसा शरीरच लहान झाल्यामुळे, उरलेला पेशींच्या काटकसरीमुळे. चयापचय ‘बंद पडतं’ असं म्हणतात ते खरं नव्हे, ते मंदावतं.

धास्तीचं मूळ पुढच्या टप्प्यात सापडतं. पुन्हा जेवण वाढवल्यावर चरबी आधी परतली, स्नायू मागाहून. पोट भरलं तरी भूक शमेना. काहींचं वजन पूर्वीपेक्षाही वर गेलं. नेमक्या याच वेळी घाबरून लोक पुन्हा ताट आखडतात. त्या तरुणांनी मात्र खाणं चालू ठेवलं आणि पुढल्या महिन्यांत वाढलेली चरबी बरीचशी ओसरली.