घरगुती अवजारांची पहिली पेटी

नळाची तोटी गळू लागली की प्रथम तिच्याखाली बादली ठेवली जाते, मग तोटीला चिंधी गुंडाळली जाते आणि अखेरीस कारागिराला निरोप जातो. तालुक्याच्या गावाहून तो येईपर्यंत आठवडा उलटतो. दर सेकंदास एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. पुष्कळदा या गळतीचे कारण आतील एक झिजलेला रबरी वायसर एवढेच असते. तो बदलण्यास एक पाना, एक पेचकस आणि पाव तास पुरेसा होतो. पण तेवढी दोन अवजारे घरात नसतात.

याच्या उलट प्रकारही आढळतो. प्रस्तुत लेखकास एका शाळेत पंचवीस नगांचा अवजारसंच पाहावयास मिळाला. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद बिनचूक होती आणि संच कपाटात कुलूपबंद होता. एखादा नग हरवल्यास भरपाई कोणी करावयाची, या धास्तीने तो कधी बाहेर निघालाच नव्हता. वर्गातील बाकांचे स्क्रू मात्र ढिले होते. संच उघडला तेव्हा त्यातील निम्म्या अवजारांना त्या शाळेत कामच नव्हते, आणि बाकांच्या स्क्रूंना बसेल असा पेचकस त्यात नव्हता.

घरासाठी पेटी करताना हीच चूक टाळावयाची आहे. दुकानातील तयार संच पाहून निवड करण्याऐवजी गेल्या वर्षभरात घरात कोणती दुरुस्ती करावी लागली, याची यादी आधी करावी. दाराची बिजागरी, नळाची तोटी, सायकलचा नट, भिंतीतील खिळा, कुकरच्या मुठीचा स्क्रू अशी ती यादी बहुतेक घरांत सारखीच निघेल. एवढ्या कामांना पेचकस, पक्कड, पाना, हातोडी, मोजपट्टी आणि टेस्टर ही सहा अवजारे पुरतात. करवत, कानस, सामता वगैरे काम पडेल तेव्हा घ्यावीत.

पेचकसाच्या बाबतीत मात्र एका नगावर भागत नाही. सपाट टोकाचे दोन आणि चौफुलीच्या टोकाचा एक असे किमान तीन हवेत. सपाट पेचकसाचे टोक स्क्रूच्या खाचेत दोन्ही बाजूंनी भरून बसले पाहिजे. लहान टोकाने मोठा स्क्रू फिरवू गेल्यास खाच झिजते, आणि मग तो स्क्रू कोणत्याच पेचकसाने निघत नाही. चौफुलीच्या टोकांना क्रमांक असतात. त्यांपैकी दोन क्रमांकाचे टोक घरातील बहुसंख्य स्क्रूंना चालते.

पक्कड हे आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाणारे आणि सर्वाधिक गैरवापर होणारे अवजार होय. तार पकडणे, पिळणे व तोडणे हे तिचे काम आहे. नट फिरविण्यासाठी ती वापरली की नटाचे कोपरे गोल होतात. त्या कामासाठी जबडा कमी-जास्त करता येणारा आठ इंची पाना घ्यावा. तो नटावर घट्ट बसवून अशा दिशेने फिरवावा की जोर स्थिर जबड्यावर येईल. सरकत्या जबड्यावर जोर आल्यास पाना सैल होऊन निसटतो व बोटे सोलवटतात.

हातोडी अर्धा किलोच्या आतील, मागे खिळे उपटण्याची चीर असलेली घ्यावी. दांडा डोक्यात घट्ट आहे ना, हे दुकानातच पाहावे. सैल दांडा पाण्यात भिजत ठेवण्याची रीत सर्वांना माहीत आहे, पण लाकूड वाळताच तो पुन्हा सैल होतो. त्यावर पाचर मारणे हाच खरा उपाय. एका हातोडीवर दुसऱ्या हातोडीने कधीही मारू नये. कठीण पोलादाचा कपचा उडून डोळ्यास इजा होऊ शकते.

टेस्टरविषयी अधिक सावध राहावे लागते, कारण येथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. त्यातील निऑनचा दिवा लागला नाही, म्हणजे तारेत वीज नाही असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. दिवा बिघडलेला असू शकतो. यासाठी टेस्टर प्रथम वीज चालू असल्याची खात्री असलेल्या प्लगमध्ये तपासावा, मग दुरुस्तीच्या जागी लावावा आणि पुन्हा पहिल्या प्लगमध्ये तपासावा. मुख्य स्विच बंद करणे तरीही आवश्यक आहेच. पकडीच्या मुठीवर प्लॅस्टिक आहे म्हणून ती विजेपासून संरक्षण देईल, असेही समजू नये. तसे संरक्षण असलेल्या पकडीवर व्होल्टचा आकडा छापलेला असतो. पावसाळ्यात ओल्या भिंतीवरील बटणाला हात लावण्याऐवजी परवानाधारक तारतंत्रीला बोलावणे इष्ट.

पैसा कोठे खर्च करावा, हा प्रश्न उरतो. ज्या अवजारावर जोर पडतो, म्हणजे पाना, पक्कड आणि पेचकस, ती चांगल्या प्रतीची घ्यावीत व त्यांवर भारतीय मानकाचे आयएसआय चिन्ह असल्यास पाहून घ्यावे. मोजपट्टी स्वस्तातील चालते. हलक्या पोलादाचा पेचकस पहिल्याच गंजलेल्या स्क्रूवर पिळवटतो, तेव्हा वाचविलेले पैसे पुन्हा खर्चावे लागतात.

ही अवजारे वापरण्यास मुलामुलींनाही शिकवावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो प्रत्यक्ष काम करीत शिकावे या विचारावर. शाळेतील ढिले बाक हे शिक्षकांना त्यासाठी आयतेच साहित्य आहे. त्याकरिता संचाची किल्ली वर्गाजवळ असावी लागते आणि झिजलेला वा हरवलेला नग नोंदवहीतून रीतसर कमी करण्याची तयारीही असावी लागते.

घरी पेटी स्वयंपाकघराजवळ कोरड्या जागी ठेवावी. कोकणासारख्या दमट हवेत पोलादी अवजारांना तेलाचा हात फिरवून ती जाड कापडात गुंडाळावीत. पेटीतच एका डबीत थोडे स्क्रू, खिळे आणि दोन-तीन रबरी वायसर असू द्यावेत. वायसर आणताना जुना वायसर नमुन्यादाखल दुकानात न्यावा, आणि तोटी उघडण्यापूर्वी टाकीकडील कॉक बंद करावा.