वही दाखवावी की नाही?

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही केळझरला बहिणीकडे गेलो होतो. शीरखुर्म्याची वाटी हातात देता देता भाच्याने हळूच विचारले, "मामू, ऑफिसातले लोक माझी वही वाचायला मागतात. देऊ का?"

भाचा वर्ध्याला एका कार्यालयात कामाला आहे. सकाळची एसटी पकडतो, सेलू आणि पवनार मागे टाकत वर्धा गाठतो आणि संध्याकाळी त्याच वाटेने परततो. या प्रवासात तो लिहितो. बसमधली माणसे, टेकडीवरच्या गणपतीला येणारी गर्दी, कापसाचा भाव ऐकून गप्प झालेले अब्बा, अम्मीचे आजारपण, सगळे त्या वहीत आहे. एकदा डब्याच्या सुट्टीत त्याने दोन पाने वाचून दाखवली. ती सोबत्यांना आवडली आणि आता त्यांना पूर्ण वही हवी आहे.

आम्हाला आमचीच गोष्ट आठवली. नोकरीत असताना आम्हीही अशीच एक वही टेबलावर ठेवली होती. तीत साहेबांच्या खोकण्यावर चार गमतीच्या ओळी होत्या. साहेबांपर्यंत त्या पोचल्या, पण ते काही बोलले नाहीत. बोलणे थांबवले ते सोबत्यांनी. आम्ही चहाला गेलो की कुणीतरी म्हणायचे, "जपून रे, हे लिहून ठेवतील." हे हसत म्हटले जायचे, पण सहा महिने आमच्यासमोर कुणी मनातले बोलले नाही. नोकरी शाबूत राहिली तरी माणसे जातात, हे तेव्हा कळले.

आपल्या वऱ्हाडात एक कवी होऊन गेले, नारायण मुरलीधर गुप्ते. जन्म १८७२चा, मलकापूरचा. नोकरी सरकारी कारकुनीची आणि कवितेखाली नाव एकाच अक्षराचे: बी. 'चाफा' आणि 'माझी कन्या' घरोघरी पोचल्या, पण कवी प्रसिद्धीपासून दूरच राहिला. पहिला संग्रह 'फुलांची ओंजळ' निघाला तो १९३४ साली, म्हणजे साठी उलटल्यावर. कारकुनाने कारकून राहावे आणि कवीने कवी, ही सोय आम्हाला फार शहाणपणाची वाटते. आजच्या मोबाइलच्या दिवसांत ती किती टिकेल, हा प्रश्नच आहे. पानाचा फोटो काढायला कितीसा वेळ लागतो!

सरकारी नोकरांना आणखी एक कुंपण असते. केंद्राचे १९६४चे वर्तणूक नियम निव्वळ साहित्यिक लेखनाला मोकळीक देतात, पण सरकारच्या धोरणावर टीका करायला किंवा कार्यालयातली कागदपत्रे बाहेर न्यायला नाही. भाचा खासगी नोकरीत आहे, तरी कामाची बाब वहीत असेल तर ते पान घरीच बरे.

पण खरी अडचण साहेबांची नाही, अम्मीची आहे. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांची पत्रे 'कुसुमानिल' या नावाने १९७२ साली पुस्तकात आली. कुसुमावती १९६१ सालीच गेल्या होत्या. पुस्तक सुंदर आहे, तरी ते हातात घेताना आमचे मन दर वेळी अडखळते. दोघांनी एकमेकांना लिहिलेले ते होते. घरातले बोलणे ही अमानत असते, असे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. भाच्याच्या वहीतला आजार त्याचा नाही, अम्मीचा आहे. अब्बांचे गप्प होणे अब्बांचे आहे.

"मग काहीच दाखवू नको?" भाचा थोडा रुसूनच म्हणाला. तसेही नाही. त्या डब्याच्या सुट्टीनंतर शेजारच्या टेबलावरचा एक अबोल माणूस त्याच्याजवळ आला आणि स्वतःच्या आईबद्दल अर्धा तास बोलला. तीन वर्षे शेजारी बसून पहिल्यांदा! हे वही बंद ठेवून झाले नसते.

शेवटी त्याने बसच्या प्रवासाची पाने वेगळी काढली, ती सोबत्यांसाठी. साहेबांवरचे एक पान आमच्यासमोर फाडले. ते बरेच विनोदी होते, आम्हाला वाईट वाटले. मग तो वही घेऊन स्वयंपाकघरात गेला. बहीण भांडी घासत होती. त्याने तिला तिच्या आजारपणाचे पान वाचून दाखवले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, हात पुसले आणि म्हणाली, "बाकी राहू दे, एक ओळ काढ."

कोणती ओळ, हे आम्ही विचारले नाही.