छत्री छतावरून खाली आणा

जुलैतली संध्याकाळ. लोणावळ्यात सकाळपासून धार लागलेली आणि भारताचा सामना शेवटच्या पाच षटकांत आलेला. अशा वेळी टीव्हीवरचे चित्र आधी अडखळते, त्याचे चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि मग पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी येते. शेजारच्या केबल असलेल्या घरातून आरडाओरडा ऐकू येत असतो, म्हणजे तिकडे सामना सुरूच आहे. ‘छत्री हलली वाटतं,’ असे कोणीतरी म्हणते आणि घरातला एक जण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून शिडीला हात घालतो.

पावसाळ्यात उंचावरून पडून रुग्णालयात आलेल्या माणसाला ‘वर कशाला गेला होतात?’ असे विचारले, की उत्तरे साधारण ठरलेली असतात. कौले सारखी करायला, गळती बंद करायला, टाकी पाहायला आणि डिश फिरवायला. यातल्या पहिल्या तीन कामांना निदान काही अर्थ असतो. भर पावसात डिश फिरवण्याला नसतो, आणि का नसतो हे एकदा समजले तर शिडी कोपऱ्यातच राहते.

केबलचे पैसे न भरता घरी क्रिकेट पाहता येते, याचे श्रेय एका कायद्याला आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचे थेट प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला दिलेच पाहिजे, असे २००७ च्या कायद्याने ठरवले. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि ट्वेंटी-ट्वेंटी सामने या यादीत आहेत. असे मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या मोफत डिशवरूनच दाखवावे, केबलवाल्यांना ते आपोआप मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. ही मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. आज ती ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. छत्री आणि बॉक्स एकदा घेतले की दरमहा काही भरावे लागत नाही. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या वाड्यावस्त्यांवर, जिथे केबलची तार कधी पोचलीच नाही, तिथे कौलांवर, पत्र्यांवर या छत्र्या दिसतात. २९ जून २०२४ च्या रात्री बार्बाडोसमध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवले, तो अंतिम सामना असंख्य घरांनी याच छत्रीतून पाहिला. तारीख लक्षात घ्या : जूनची अखेर. क्रिकेटच्या मोठ्या रात्री आणि सह्याद्रीचा पाऊस बऱ्याचदा हातात हात घालून येतात.

छतावर चढण्याची सवय मात्र या छत्रीपेक्षा जुनी आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पुढे सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुणे जिल्ह्यात घराघरांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना आले. पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही तो संवाद आठवेल. एक जण वर अँटेना फिरवतोय, एक खिडकीत, एक टीव्हीसमोर. ‘दिसतंय का?’ ‘थोडं अजून डावीकडे!’ ‘आलं, आलं, सोड आता!’ पडद्यावरच्या मुंग्या कमी होत आणि खेळाडू दिसू लागत. तेव्हा हे खरोखर उपयोगी होते. त्या लहरींची लांबी मीटरमध्ये मोजायची होती, पावसाच्या थेंबांचे त्यांना काही वाटत नसे आणि डोंगरावर आदळून उलटणाऱ्या लहरींमुळे अँटेनाची दिशा थोडी बदलली की चित्र खरेच सुधारत असे. वडिलांकडून मुलाकडे आलेले हे कौशल्य आता चुकीच्या यंत्रावर वापरले जाते.

फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीबरोबर फिरत असल्याने आकाशात तो जागचा हलत नाही. त्याच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. पावसाचा मोठा थेंब काही मिलिमीटरचा. लहर आणि थेंब यांच्या आकारात फारसे अंतर उरले नाही, की थेंब लहरीची ऊर्जा शोषतो, इकडेतिकडे विखुरतो. लोणावळ्यात ढगातल्या बर्फाची पातळी पावसाळ्यात साधारण पाच किलोमीटर उंचीवर असते. तिच्याखाली सगळे पाणीच. तिरपा येणारा संकेत म्हणून सुमारे सहा किलोमीटर पावसातून प्रवास करतो. ३६ हजार किलोमीटर बिनबोभाट आलेली लहर शेवटच्या सहा किलोमीटरांत अडते. रिमझिम असेल तर ती पोचते. जोराची सर आली की थकते.

मग शेजाऱ्याची केबल का चालते? केबलवाल्याच्या गच्चीवर मोठमोठ्या छत्र्या असतात. त्यांतल्या बऱ्याच वाहिन्या साडेसात सेंटिमीटरच्या आसपासच्या लांब लहरींवर येतात आणि त्यांना पावसाचा त्रास खूप कमी होतो. शिवाय मोठी छत्री जास्त ऊर्जा गोळा करते. म्हणजे शेजाऱ्याचा ओरडा हा आपली छत्री बिघडल्याचा पुरावा नव्हे.

दुसरी फसगत डिजिटल तंत्रज्ञानाची. जुन्या टीव्हीवर संकेत हळूहळू मंदावला की मुंग्या हळूहळू वाढत. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि एका मर्यादेखाली अचानक जाते. इतक्या अचानक गेले म्हणजे वाऱ्याने छत्री फिरली, असा समज होतो. आणि खरी गंमत, गंमत कसली, नुकसान, पुढे आहे. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची ‘नजर’ फार अरुंद असते, एकूण तीन अंशांच्या आसपास. उपग्रह नेमका त्या नजरेत असावा लागतो. पावसात संकेत दिसतच नसतो, त्यामुळे फिरवणारा अंधारात चाचपडतो आणि बरोबर असलेली छत्री दोन-तीन अंशांनी चुकवून ठेवतो. पाऊस ओसरला की शेजारच्यांच्या छत्र्यांवर चित्र परत येते. यांच्या घरी येत नाही. मग पुन्हा शिडी.

चित्र गेल्यावर करायचे ते इतकेच, की सर ओसरेपर्यंत थांबायचे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, दिवस दिवस थांबत नाही, हे खरे. पण दिवसभराच्या पावसातही जोर कमीजास्त होत राहतो आणि जोर उतरला की चित्र आपसूक येते. तेवढ्यात धावसंख्या हवी असेल तर आकाशवाणीचे धावते वर्णन असते, मोबाइल असतो. उघडीप होऊनही चित्र आले नाही तरच छत्री, तिची तार किंवा जोड तपासण्यासारखे काही असते.

आता छताकडे. उंचावरून पडणे ही जगभरातच किरकोळ बाब नाही. पडण्याने दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांतले ऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. लोणावळ्याच्या दमट हवेत जूनच्या अखेरीपर्यंत स्लॅबवर शेवाळ धरते. कौल पायाखाली सरकते. सर्वांत फसवा सिमेंटचा पत्रा. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाऊन तो ठिसूळ झालेला असतो, वरून धड दिसतो आणि माणसाचे वजन पडले की पापडासारखा मोडतो. माणूस कडेवरून नव्हे, पत्र्यातून थेट घरात पडतो. पावसाळी धोक्यांची चर्चा होते ती भुशी धरणाची, धबधब्यांची, घाटातल्या दरडींची. घरच्या छताची होत नाही.

पडणारा पायांवर पडला तर टाचेचे हाड मोडते आणि वेदना इतकी असते की सगळ्यांचे लक्ष टाचेवरच राहते. पण पडण्याचा धक्का पायांतून वर कण्यापर्यंत जातो. टाचेचे हाड मोडलेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाच्या कण्यालाही इजा असते, बहुधा छाती आणि कंबर जिथे जुळते त्या भागात. अशा माणसाला दोघांनी बगलेत धरून उभे केले किंवा रिक्षात मुडपून बसवले, तर हाडाचा सरकलेला तुकडा मज्जारज्जूवर दाब आणू शकतो. पडल्यावर पाठ किंवा मान दुखत असेल, पायांत मुंग्या येत असतील, पाय हलवता येत नसतील, तर त्याला जागचे हलवू नये. पाऊस अंगावर पडत असेल तर वर प्लास्टिक धरावे. १०८ ला फोन करावा; राज्यातली ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून मोफत आहे. हलवणे अगदीच भाग असेल, तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी एकदम उचलून दार किंवा फळीवर घ्यावे.

डोक्याचा मार याहून दगाबाज. माणूस पडतो, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते, मग उठून बसतो. ‘काही नाही झालं,’ म्हणतो. चहा घेतो. सामना उरलेला असतो, तो पाहतो आणि झोपतो. कवटीखालची रक्तवाहिनी फाटली असेल, तर रक्त साचायला तास-दोन तास, कधी त्याहून जास्त लागतात आणि या मधल्या काळात रुग्ण अगदी बरा दिसू शकतो. घरच्यांना तो गाढ झोपलाय असे वाटते. घोरण्याचा आवाज वेगळा आहे, हे सकाळी लक्षात येते. पडल्यावर थोडीही शुद्ध हरपली असेल, एकापेक्षा जास्त वेळा उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, बोलणे अडखळू लागले, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आले, तर निकालाची वाट पाहायची नाही. लोणावळ्याहून पुण्याचे ससून रुग्णालय सुमारे ६५ किलोमीटरवर आहे आणि शनिवार-रविवारच्या पावसाळी गर्दीत ते अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने डोक्याचा साधा मारही डॉक्टरांना दाखवावा. वयस्कर माणसांत रक्तस्राव काही आठवड्यांनीही उघडकीला येतो. आजोबा अचानक विसरू लागले, चालताना तोल जाऊ लागला, तर पावसाळ्यातले ते पडणे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

शिडी चढणारा बहुधा घरातला कर्ता पुरुष असतो आणि तोही शेवटच्या षटकाच्या ताणात. हा ताण नुसता मनाचा नसतो. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी म्युनिक आणि परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची मोजणी झाली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा घटना इतर दिवसांच्या २.६६ पट होत्या, पुरुषांत ३.२६ पट, आणि सर्वाधिक घटना सामना सुरू झाल्यापासूनच्या दोन तासांत घडल्या. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००८ साली ते प्रसिद्ध झाले. नाडी वाढलेली, रक्तदाब चढलेला, सोबत एखादा पेग, वर ओली शिडी. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला खाली वाकून वर पाहिले की चक्कर येते, ती याच वेळी येण्याची शक्यता जास्त. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर तो ‘सामन्याचा ताण’ समजून षटक संपेपर्यंत बसू नये.

विजेचा धोका दोन तऱ्हांचा. छत्रीच्या तारेतून जाणारा दाब तेरा ते अठरा व्होल्ट, तो निरुपद्रवी. पण छत्रीचा लोखंडी पाइप वरून जाणाऱ्या उघड्या वीजवाहिनीला टेकला, तर ओल्या छतावर उभ्या माणसाला सुटका नसते. अशा वेळी घरचा मेन स्विच बंद करून बाहेरची वाहिनी बंद होत नाही; वीज कंपनीकडून त्या वाहिनीचा पुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्यावरच माणसाला हात लावायचा. आकाशातली वीज मात्र जुलैच्या संततधारेत कमी पडते; तिचा काळ एप्रिल-मेचे वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. तेव्हा आयपीएलचे किंवा दिवाळीच्या आसपासचे सामने असतात. गडगडाट ऐकू आला की छतावर असूच नये आणि बॉक्सचा प्लग व छत्रीची तार काढून ठेवावी. शेवटचा गडगडाट थांबल्यावरही अर्धा तास जाऊ द्यावा. पाषाणच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देते. ते मराठी घरांत क्रिकेटच्या ॲपइतके तरी असायला हरकत नाही.

आणि मुळात छत्री छतावर असायलाच हवी, असे नाही. लोणावळा-मावळातून पाहिले तर जीसॅट-१५ आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर आहे, म्हणजे बराच डोक्याकडे. लोहगड, विसापूर काय, शेजारचे दुमजली घरही सहसा आड येत नाही. साधा हिशोब असा, की आग्नेयेकडे दहा फुटांवर छत्रीपेक्षा सोळा फूट उंच भिंत असली, तरी तिच्यावरून उपग्रह जेमतेम दिसतो. अंतर त्याहून थोडे जास्त असले की निर्धास्त. त्यामुळे आग्नेयेकडचे आकाश मोकळे असेल, तर अंगणातल्या खांबावर, व्हरांड्याबाहेरच्या भिंतीवर किंवा गॅलरीच्या कठड्याच्या आत, जमिनीवर उभे राहून हात पोचेल अशा उंचीवर छत्री बसते. आड येते ते झाड. आंब्या-जांभळाची फांदी मेमध्ये विरळ दिसते आणि जुलैत ओल्या पानांनी संकेत अडवते. ती पावसाआधी छाटावी. तारेच्या जोडांवर पाणी शिरू नये म्हणून चिकटपट्टी गुंडाळावी, पाइपवर छत्रीच्या दिशेची खूण रंगाने करून ठेवावी, म्हणजे वाऱ्याने ती खरोखर हलली की नाही हे खालूनच दिसते. हे सगळे मेच्या कोरड्या सकाळी, दोघांनी मिळून, अर्ध्या दिवसात होते.